खालूंचे तरते बिऱ्हाड

खालूंचा आवाज दुबईच्या खाडीच्या एका काठावरून दुसऱ्या काठाला सहज पोचत असे. एकोणीसशे साठच्या दशकात मोठ्या आगबोटी त्या खाडीत शिरत नसत. बाहेर खोल पाण्यात त्या नांगर टाकून उभ्या राहत आणि उतारूंना लाँचमधून धक्क्यावर आणावे लागे. हे काम करणाऱ्या तांडेलांत भोंगा न वाजवता, नुसत्या हाकेने, आगबोटीच्या वरच्या डेकवरील माणसाला कठड्याशी आणणारा तांडेल एकच होता. ते आमचे खालू. मात्र या आवाजाला एक शब्द वर्ज्य होता. स्वतःच्या पत्नीचे नाव त्यांनी कधी उच्चारले नाही. आमच्या दाभोळ-बाणकोटच्या पट्ट्यात ती रीतच होती. नवऱ्याने बायकोला थोरल्या अपत्याच्या नावाने हाक मारायची आणि बायकोने नवऱ्याला त्या अपत्याचा बाप म्हणून संबोधायचे. खालू "हलिमा" अशी हाक मारीत आणि चुलीपाशी बसलेल्या खाला "जी, हलिमाचे अब्बा" असे उत्तर देत. हलिमा ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती नीट चालू लागण्यापूर्वीच गेली. हाक तेवढी राहिली.

खाला म्हणजे मावशी आणि खालू म्हणजे मावशीचे यजमान. माझे त्यांच्याशी असे काही नाते नव्हते. परंतु दुबईत उतरलेला रत्नागिरी-कुलाब्याकडचा प्रत्येक मुसलमान तरुण पहिले जेवण ज्यांच्या खोलीत जेवला, त्यांना तो दुसरे काय म्हणणार? मी मालवाहतुकीच्या एका पेढीत इंग्रजी पत्रे टंकलिखित करणारा कारकून होतो. कायद्याचे एक वर्ष मी मुंबईत वाचले होते; पुढची वर्षे घरच्या अडचणींनी वाचू दिली नाहीत. तेवढ्या भांडवलावर खालू मला 'वकील' म्हणत. कुठे अन्याय दिसला की मी अर्ज लिहायला बसे आणि खालू खांद्यावरून डोकावून म्हणत, "लिव, लिव. पन ध्यानात ठेव वकिला, दर्या कागुद वाचत नाय. भिजवतो, तेवढंच." मी चिडे. ते हसत आणि तो अर्ज योग्य त्या कचेरीत पोचवायला स्वतःच घेऊन जात.

त्या किनाऱ्यावर नदी नाही. समुद्राचेच पाणी जमिनीत शिरून खाड्या झाल्या आहेत. प्रत्येक खाडीच्या तोंडाशी वाळूचा एक बांध असतो. ओहोटीला तो जवळजवळ उघडा पडतो. मग आतली बोट आत आणि बाहेरची बाहेर. भरती चढली की वाट मोकळी होते. इतर तांडेल अशा वेळी शिव्या घालीत, इंजिन तापवीत, कधी रेटून नेण्याच्या नादात बोट वाळूत रुतवीत. खालू नांगर टाकून स्टोव्ह पेटवीत. "दरवान निजलाय," ते वाळूच्या बांधाकडे बोट करून सांगत. "उठवून उठणार नाय. च्या टाक." मी घड्याळाकडे पाहू लागलो तर म्हणत, "दर्याला घाई नाय, म्हणून तर तो रोज पोचतो." उशीर म्हणजे कराराचा भंग अशी माझी शिकवण. तरीही त्यांच्या लाँचवर वाट पाहताना वेळ फुकट गेल्यासारखा मला कधी वाटला नाही, हे मान्य केले पाहिजे.

मिसरूड फुटण्याआधी ते या समुद्रात आले. लग्न झाले, ते सुटीत. मुलगी झाली, ती त्यांनी पुढच्या सुटीत पाहिली. मुलगी गेली, तेव्हा ते कुठेतरी बहारीनच्या वाटेवर होते, आणि ती बातमी त्यांना दुसऱ्या एका गलबतावरच्या गाववाल्याने भर समुद्रात, बोटीला बोट लावून सांगितली. याविषयी ते स्वतः कधी बोलले नाहीत. खाला गावी म्हाताऱ्या सासूची सेवा करीत राहिल्या. संसार झाला तो दोन-तीन वर्षांतून एकदा येणाऱ्या सुट्यांचा. सासू वारल्या आणि खालांना गावात अडवून ठेवणारे कोणी उरले नाही, तेव्हा खालूंनी दुबईतल्या देरा भागात दोन खोल्या घेतल्या. पाणी भरायला मोठा रांजण आणला. रत्नागिरीहून येणाऱ्या एका गलबतावरून पाटा-वरवंटा मागवला. खालू तो खांद्यावरून घरी नेत असताना बाजारातला एक इराणी दुकानदार ओरडला, "तांडेल, कबरीचा दगड कुठे नेतोस?" खालूंनी तसेच ओरडून उत्तर दिले, "कबर नव्हे हबीबी, घर! घर!" मी त्या दिवशी त्यांच्या मागून चालत होतो. एवढे मोठ्याने हसताना मी त्यांना पुन्हा पाहिले नाही.

आता जे घडले ते मी शांतपणे सांगण्याचा प्रयत्न करतो. खालांना किनाऱ्यावर उतरण्यासाठी परवाना हवा होता. त्याचा अर्ज दुबईच्या कचेरीत करायचा होता आणि पासपोर्ट मुंबईत त्यांचा भाऊ काढणार होता. अर्ज भरण्याच्या सुमारास मी पेढीच्या कामासाठी बहारीनला होतो. खालू कचेरीबाहेर बसणाऱ्या टंकलेखकाकडे गेले. त्याने विचारले, "बायकोचे नाव?" त्याने पुन्हा विचारले. चारचौघांत, परक्या पुरुषापुढे, बायकोचे नाव जिभेवर आणणे त्यांना जमेना. शेवटी ते म्हणाले, "मी तिला हलिमा म्हनतो." टंकलेखकाने तेच नाव टंकले. परवाना हलिमाच्या नावे निघाला. पासपोर्टवर खालांचे निकाहाचे नाव होते, जुलेखा. सबंध जगात ही चूक आमच्याच माणसांकडून होऊ शकत होती आणि ती समजून घ्यायला कोणत्याही माणसाला अर्धा मिनिट पुरले असते.

आगबोट आली त्या सकाळी खालूंनी स्वच्छ पांढरा सदरा घातला होता. स्वतःच्या लाँचमध्ये त्यांनी खालांना शिडीवरून हात देऊन उतरवले. सोबत पत्र्याची ट्रंक, आमसुलांचे गाठोडे आणि सुक्या बोंबलांची एक टोपली, जिच्या वासाने लाँचमधले सगळे गाववाले माना वळवून पाहत होते. धक्क्याशी लाँच लागली. पायरीवर कचेरीचा माणूस उभा होता. उतारूने जमिनीवर पाऊल टाकण्याआधी तो कागद पाहत असे. त्याने दोन्ही कागद शेजारी धरले आणि विचारले, "ही हलिमा कोण?"

लाँचच्या कडेवर एक पाय ठेवून उभ्या असलेल्या खालांनी बुरख्याआडून सरळ उत्तर दिले, "हलिमा आमची पोर. ती नाय आता."

एका हिंदी जाणणाऱ्या हमालाने ते भाषांतर करून सांगितले. त्या माणसाने तिथल्या तिथे परवान्यावर शेरा मारला: परवानाधारक व्यक्ती मृत, आलेली व्यक्ती परवान्याविना. आणि खालांनी कडेवरचा पाय पुन्हा आत घेतला.

मी त्याच दुपारी कचेरीच्या साहेबासमोर उभा होतो. त्याचे नाव मी लिहीत नाही. त्या खुर्चीची तेवढी योग्यता नव्हती. मी त्याला आमची रीत समजावून सांगितली. त्याने ऐकून घेतले, हेही मान्य केले की अडचण क्षुल्लक आहे, आणि एक प्रतिज्ञापत्र मागितले. हलिमा व जुलेखा या एकच व्यक्ती आहेत, एवढे नवऱ्याने शपथेवर लिहून द्यायचे. मी म्हणालो, आत्ता देतो. तेव्हा तो म्हणाला की धक्क्यावरच्या शेऱ्यात एका मृत मुलीचा उल्लेख आला आहे. तो शेरा खोडायचा तर प्रतिज्ञापत्रात दुसरेही वाक्य पाहिजे: हलिमा नावाची दुसरी कोणतीही व्यक्ती अस्तित्वात नव्हती व नाही.

मी म्हणालो, "होती."

तो म्हणाला, "मग परवाना तिचा आहे."

दुसरा मार्ग असा की खालांनी परत जावे आणि मुंबईहून नवा अर्ज करावा. आगबोट बसऱ्याला जाऊन परत येईपर्यंत त्यांनी राहायचे कुठे, असे मी विचारले. हा प्रश्न माझ्या खात्यात येत नाही, असे उत्तर मिळाले. तेव्हा मी माझ्या एका वर्षाच्या कायद्याला हात घातला. परवाना उतरण्याचा आहे. उतरणे म्हणजे जमिनीवर पाऊल टाकणे. ही स्त्री पाण्यावर आहे. पाण्यावर असणे गुन्हा असेल तर कलम दाखवा. त्याने पुस्तक चाळले. कलम नव्हते. अखेर त्याने एवढे कबूल केले की धक्क्याला दोर बांधायचा नाही, एकाच खाडीत तळ ठोकायचा नाही, आणि आगबोट परत आली की प्रश्न संपवायचा. मी विजयी मुद्रेने बाहेर आलो. खालूंनी सगळे ऐकले आणि म्हणाले, "म्हंजे तिनं दर्यातच राहायचं. आतापर्यंत मी राहिलो, आता ती. बरा आहे तुमचा कायदा."

त्यांचा अरबाब, म्हणजे लाँचचा मालक, फार भला माणूस. त्याने एक जुनी, लहान लाँच त्यांना देऊन टाकल्यासारखीच दिली. मागच्या बाजूला ताडपत्री बांधली, पुढे खालांपुरता आडोसा केला, आणि देऱ्यातल्या खोलीतून रांजण आणि पाटा-वरवंटा लाँचवर आला. मी साचलेली रजा घेतली. इंजिनाजवळ एक माणूस हवा होता, आणि किनाऱ्यावर उतरून पत्रे धाडायलाही. कारण खालूंना उतरण्याची मुभा असूनही त्यांनी सांगून टाकले होते, "ती उतरेल तवा मी उतरेन."

अशा रीतीने आमचा तो प्रवास सुरू झाला. हिवाळा होता, समुद्र तेलासारखा निवांत. शारजाच्या तोंडाशी गाळ साचलेला; तिथे आम्ही अर्धा दिवस भरतीची वाट पाहत राहिलो. अजमानला खाडीच्या काठावर बोटी बांधण्याचे काम चालू होते. खिळे ठोकण्याचा आवाज पाण्यावरून येई आणि खाला वाटण थांबवून ऐकत. "दाभोळला बसल्यासारखं वाटतंय," त्या म्हणाल्या. नांगर पडला की मी पोहत किंवा एखाद्या होडीतून काठावर जाई, रोटी आणि मासळी आणी, ओळखीच्याकडे झोपे. सकाळी परत यावे तो लाँचवर आमसुलाच्या साराचा वास येत असे. प्रत्येक मुक्कामाहून मी साहेबाला एक पत्र धाडले. ते दुसरे वाक्य वगळावे. नुसत्या नावाच्या दुरुस्तीस हरकत नसावी. असत्य शपथ मागणे हे कचेरीला शोभत नाही. मोटारवाले ती पत्रे वाळवंटातून दुबईला नेत. उत्तर रास अल खैमा येथे पाठवावे, असे मी प्रत्येक पत्राखाली लिहीत होतो.

उम्म अल कुवैनच्या खाडीत आत शिरलो आणि खाला एकदम ताडकन उभ्या राहिल्या. दोन्ही बाजूंना खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या तिवरांची दाटी होती. "अवो, ही तर आपली तिवरं!" जणू माहेरचे कोणी समोर यावे तशा त्या बोलल्या. मग माझ्याकडे वळून गंभीरपणे विचारले, "भाच्या, झाडाला हात लावला तर चालंल का रं? का ते पण उतरल्यात येतं?"

मी विचार करून सांगितले, "मुळे पाण्यात आहेत तोवर हरकत घेता येणार नाही."

"मंग ओहोटी लागायच्या आत तोडते," म्हणत त्यांनी एक फांदी ओढून घेतली. खालू सुकाणूवरून ओरडले, "वकिला, लिवून ठेव हां! नायतर झाडाला बी परवाना मागतील!" दोघेही हसले. त्या पाण्यावरच्या दिवसांत मी पाहिले ते हे की लग्नाला एवढी वर्षे झालेली ही दोन माणसे एकमेकांना नव्यानेच ओळखत होती. खालू चहात साखर घेत नाहीत, हे खालांना ठाऊक नव्हते. खाला झोपेत बोलतात, हे खालूंना ठाऊक नव्हते. एका सकाळी ते मला हळूच म्हणाले, "ती मला रागवली आज. इंजिनाचे हात कुडत्याला पुसले म्हनून." ते हे तक्रारीच्या सुरात सांगत होते, पण त्यांचा चेहरा तक्रार करणाऱ्या माणसाचा नव्हता.

हलिमाचा विषय मात्र निघत नव्हता. प्रतिज्ञापत्र मी टंकून सोबत आणले होते, दोन्ही वाक्यांसह, फक्त सहीची जागा कोरी. ते कुठे ठेवले आहे हे खालूंना ठाऊक होते. मी तिकडे पाहिले की ते म्हणत, "दरवान उठू दे."

रास अल खैमाला खाडीच्या मागे डोंगर आहेत. खाला तासन्‌तास त्या डोंगरांकडे पाहत. पलीकडे खजुरीच्या बागा, काठावर मासळी धुणाऱ्या बायका. त्यांच्यापैकी एका वृद्ध अरब बाईने खालांना पाहिले आणि हात हलवून बोलावले: ये, उतर, बस. खालांनी छातीवर हात ठेवून मान हलवली. बाईला समजेना, ती पुन्हा बोलावू लागली. शेवटी खालूंनी आपल्या त्या आवाजात अरबीत काही सांगितले. "काय म्हनलात तिला?" खालांनी विचारले. "पाय दुखतोय म्हनलं." तेव्हा ती बाई उठली, खजुराची परडी डोक्यावर घेतली आणि कपड्यांसकट पाण्यात शिरून, छातीभर पाण्यातून, लाँचपाशी आली. परडी खालांच्या हातात दिली, त्यांचा पाय चाचपून पाहिला, काही दुआ पुटपुटली आणि तशीच परत गेली. त्या भूमीने खालांचे जे काही स्वागत केले ते एवढेच. आणि ते करणाऱ्या बाईला लिहिता-वाचता येत नव्हते, कचेरीतल्या साहेबाला चार भाषा येत होत्या. मी आज म्हातारा झालो तरी हा हिशेब मला सोडवता आलेला नाही.

उत्तर तिथेच आले. माझ्या सगळ्या पत्रांना मिळून एक परिच्छेद. दुसरे वाक्य वगळता येणार नाही. आगबोट बसऱ्याहून निघाली आहे. तत्पूर्वी सही केलेले प्रतिज्ञापत्र पोचल्यास परवाना दुरुस्त करण्यात येईल.

सकाळची वेळ होती. ओहोटी लागल्यामुळे लाँच खाडीत अडकून होती. दुपारच्या भरतीशिवाय निघता येणार नव्हते. मी ते उत्तर वाचून दाखवले, मराठीत, कारण खालांनाही ते समजले पाहिजे होते. खालूंनी हात पुढे केला.

"दे. सही करतो."

मी कागद काढला. खरे सांगतो, मला सुटल्यासारखे वाटले. दोन खोल्या तयार होत्या. एका सहीने ती बाई आपल्या घरात उभी राहणार होती. मृत मुलीला एका वाक्याने काय फरक पडणार, असा सोयीस्कर विचार कोणाच्याही मनात आला असता. खालूंनी पेन धरले. त्यांना सही करता येत असे, सावकाश, एकेक अक्षर काढून.

"काय लिवलंय ते परत वाच," खाला म्हणाल्या.

मी वाचले. हलिमा नावाची दुसरी कोणतीही व्यक्ती अस्तित्वात नव्हती व नाही.

"नव्हती?" खाला म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुमी दर्यात होता, हलिमाचे अब्बा. तुमी नाय बगितलं. ताप उतरंना तवा मी होते. माज्या मांडीवरनं उचलून नेली तिला, तवा मी होते. ती नव्हती म्हनून लिवायचं तर मग मी कोनाची आई?"

"तुज्यासाठीच करतोय," खालू म्हणाले.

"ठाऊक हाय मला."

"खोल्या घेतल्यात. रांजण घेतला."

"तेबी ठाऊक हाय."

"मंग?"

"मंग काय? तिला पुसून मी तुमच्या घरात यायचं? नाय येनार. तुमी यायचं. सुटीत येतासा तसं."

खालूंनी पेन माझ्या हातात परत दिले. कागदाची घडी केली आणि ती मला देण्याऐवजी खालांच्या हातात ठेवली. खालांनी स्टोव्ह पेटवायला काडी मागितली. त्या कागदाने स्टोव्ह पेटला आणि आम्ही तिघांनी चहा घेतला. मी बोलू लागलो होतो; हा जुलूम आहे, मी वर लिहितो, या किनाऱ्यावर हुकमत असलेल्या इंग्रजांना, लंडनपर्यंत लिहितो. खालूंनी नुसता हात वर केला. "बस, वकिला. खलास." त्या माणसाला मी त्या दिवशी पहिल्यांदा थकलेला पाहिला. आणि तरीही, का ते सांगता येत नाही, त्या दोघांमध्ये काहीतरी मिटल्यासारखे दिसत होते. ते सबंध दिवस शेजारी बसून होते. परत येताना पहिल्यांदाच हलिमाविषयी बोलले. तिचे केस कसे होते, कशाला घाबरे, पहिला शब्द कोणता. खालू विचारीत आणि खाला सांगत. मी इंजिनाजवळ बसून होतो. तेवढ्या अंतरावरून जे ऐकू आले ते मी इथे लिहिणार नाही. ते त्यांचे आहे.

आगबोट ठरल्याप्रमाणे बाहेर नांगरून उभी राहिली. खालांना तिच्यावर सोडायचे काम ज्या तांडेलाचे होते, तो त्यांचा नवराच होता. भल्या सकाळी आम्ही निघालो. पाटा-वरवंटा खालांनी ठेवून घ्यायला सांगितला: "तुमाला कोन वाटून देनार? तरी असू दे." शिडीपाशी बोटीचा माणूस यादी घेऊन उभा होता. त्याने वरून विचारले, "नाव काय?" खालांनी सवयीने खालूंकडे पाहिले. आणि खालूंनी ते नाव घेतले. "जुलेखा." इतक्या हळू की त्या माणसाने पुन्हा विचारले. आगबोटीच्या दुसऱ्या टोकाला हाक पोचवणारा तो आवाज त्या एका शब्दाला पुरला नाही. मला वाटते, खालांनी तो शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला असावा. त्या शिडीवर थांबल्या, मान किंचित वळवली, आणि वर गेल्या. त्यांच्या पायाला त्या देशाची जमीन लागली नाही. लाँचमधून आल्या, लाँचमधून गेल्या.

मी मुंबईला अर्ज केला, दिल्लीला केला, साहेबाच्या वरच्या साहेबाला केला. काही पोचले, काही पोचले नसावेत. पोच आली ती एकाचीच. खालू पुढे अगदी पूर्वीसारखे वागत राहिले. नवा मुलगा गावाहून आला की त्याला जेवू घालीत. भरतीची वाट पाहताना चहा करीत. फक्त वाट पाहताना आता गप्प असत. पुढच्या हिवाळ्यानंतर कायमचे घरी जायचे, असे त्यांनी ठरवले होते. मला म्हणाले, "आता सुटी नाय. आता मुक्काम." तो हिवाळा यायच्या आधीच्या उन्हाळ्यात त्यांना ताप आला. दवाखान्यात नेले. त्या तापाने ते गेले. त्याच दिवशी संध्याकाळच्या नमाजानंतर आम्ही त्यांना देऱ्याबाहेरच्या कबरस्तानात दफन केले. खड्ड्यात उतरून त्यांना खाली घेणाऱ्यांत मीही होतो. उतरण्याचा परवाना कोणी मागितला नाही.

त्यांची ट्रंक, घड्याळ आणि जाडजूड चष्मा घेऊन मी गावी गेलो. खाला इद्दतीत होत्या. विधवेने त्या मुदतीत परक्या पुरुषासमोर यायचे नसते. मी ओटीवर बसलो आणि त्या दारावरच्या पडद्याआड. मी सांगू लागलो. शेवटचे दिवस, दवाखाना, किती माणसे जमली होती, अरबाब कसा रडला. त्यांनी सगळे ऐकून घेतले, मधे कुठे हुंदका नाही. मी माझ्या अर्जांविषयीही बोललो. अजूनही दाद मागता येईल, निदान कबर पाहायला जाण्यासाठी. त्यावर त्यांनी पडद्याआडून विचारले,

"भाच्या, तिथली जमीन कशी हाय रे? मी लांबनंच बगितली. माती हाय का रेती?"

"रेती," मी म्हणालो. "बारीक. पाऊल टाकले की थोडे आत जाते."

"गरम असते?"

"उन्हाळ्यात फार. हिवाळ्यात सकाळी गार."

"मंग घरात येताना सगळी पायाला येत असंल," त्या म्हणाल्या. "दाराशी पानी भरून ठेवायला लागलं असतं मला, त्यांच्यासाठी."